बोटभर पितळ

चाकू कोणी बनवला असं विचारलं की पांढुर्ण्यात लोक आमच्या ह्यांचं नाव सांगतात. बरोबरच आहे. भट्टी त्यांची, घण त्यांचा, आरडाओरडाही त्यांचाच. पण पातं आणि मूठ यांच्या मधे पितळेची जी बोटभर आडवी पट्टी असते, ती बसवण्याचं काम माझं. आमच्या दुकानात तिला आडपट्टी म्हणतात. गिऱ्हाईक धार पाहतं, मूठ दाबून पाहतं, मान हलवतं आणि जातं. आडपट्टीकडे कोणी बघत नाही. घरातलं सगळं सुरळीत असलं की सुनेचं नाव निघत नाही, तसंच हे. काही बिघडलं की मात्र पहिलं तिचंच निघतं.

या अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, ह्यांनी लिहावं, दुकान त्यांचं. ते म्हणाले, "मले लिहाले लावशीन त कागदाले भोक पडन." म्हणून मी लिहिते आहे, आणि लिहिणार ते माझ्या पट्टीबद्दलच. घणाबद्दल ज्याला ऐकायचं असेल त्यानं दुकानात यावं. हे दिवसभर सांगतील. अलीकडे ऐकू कमी येतं त्यांना, त्यामुळे मधे कोणी तोडलं तरी थांबत नाहीत.

माझं माहेर सावरगाव. मधे फक्त जाम नदी. माहेरीही लोहारकामच. बाबा विळे-खुरपी करायचे आणि मी कानस चालवायची, म्हणून लग्न होऊन या काठावर आले तेव्हा काम नवं नव्हतं, माणसंच नवी होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांची गोटमार होते, नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड. त्या दिवशी हे मला मुद्दाम विचारायचे, "तू आज कोनाकडून?" मी म्हणायची, "पोया तुमच्या घरी लाटून राह्यली ना, मंग हात तुमच्याकडून. बाकीचं इचारू नका."

ह्यांचा हात घणाचा. कानशीला धीर लागतो आणि तो त्यांच्याकडे देवानं ठेवलाच नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी एक आडपट्टी घाईघाईत ठोकून बसवली आणि ती मधोमध चिरली. मी पाहत होते. दुसरा पितळेचा तुकडा घेतला आणि दाराशी उजेडात जाऊन बसले. तेव्हापासून ती जागा माझी.

तर आडपट्टी. चाकू धरून जोर लावला की हात पुढे सरकतो. मूठ कोरडी आहे तोवर ठीक, पण ओली झाली किंवा चरबी लागली की पकड सुटते आणि बोटं सरळ धारेवर जातात. त्यांना अडवायला ती पट्टी. सौंसरच्या बाजारातला एक खाटीक आमचं जुनं गिऱ्हाईक. पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, "पट्टीगिट्टी नोको बाई. चाकू धुवाले अडचन होते." बिनपट्टीचा चाकू घेऊन गेला. थोड्याच दिवसांनी हाताला फडकं बांधून परत आला. तोच म्हणाला, "बसवून द्या. आता नाही होत अडचन."

बसवायची कशी, तेही सांगते. पात्याच्या मागे एक अरुंद दांडी असते, ती मुठीच्या आत जाते. तिला आम्ही शेपूट म्हणतो. पातं संपून शेपूट सुरू होतं तिथं दोन्ही बाजूंना लहानसे खांदे असतात. पितळेच्या पट्टीला मधोमध भोकं पाडायची, कानशीनं ती एक करून खाच करायची, आणि पट्टी शेपटावरून सरकवत नेऊन खांद्यांना टेकवायची. ऐकायला सोपं आहे. पण खाच केसभर मोठी झाली की संपलं, कारण घासलेलं पितळ परत येत नाही. म्हणून खाच आधी लहानच ठेवायची. खांद्यांना काजळ लावायचं, पट्टी सरकवायची, काढायची. पितळेवर जिथं काळं उमटलं तिथं ते अडतंय, तेवढंच घासायचं. पुन्हा काजळ, पुन्हा पट्टी. शेवटी उजेडासमोर धरून बघायचं. पातं आणि पितळ यांच्यामधून उजेड दिसला तर तिथूनच उद्या पाणी शिरेल आणि गंज धरेल. फट नसली की पट्टी ठोकून घट्ट करायची आणि आरपार पिन मारायची.

वरून कथलाचा डागही देतात, म्हणजे कथील वितळवून सांधतात. मीही देते, पण जपून. धार टिकावी म्हणून ह्यांनी पात्याला पाणी दिलेलं असतं, म्हणजे तापवून, बुडवून कडक केलेलं असतं. डाग देताना आच पात्याकडे गेली की ते पाणी उतरतं, पातं मऊ पडतं. त्यासाठी पात्याला ओलं फडकं गुंडाळायचं आणि आच शेपटाकडून द्यायची. एवढं करूनही संशय राहतोच. आजही एखादा चाकू लवकर बोथट झाला की हे म्हणतात, तुझ्या डागानं पाणी उतरलं. मी म्हणते, आधी चढलं होतं का ते सांगा.

लग्नसराईत पट्टीचं रूप वेगळं. आमच्याकडे नवरदेवाच्या हातात कट्यार देतात, टोकाला लिंबू खोचून. धार नसते, पण आडपट्टी दांडगी आणि नक्षीदार. एकदा तिगावहून एक आजोबा स्कूटरवर मागे बसून आले. नातवाची हळद होती. घरातली जुनी कट्यार, पट्टी ढिली झालेली, उचलली की खुळखुळ वाजायची. आजोबांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. "बोहल्यावर वाजली त पाव्हने काय म्हनतीन?" मी खाचेभोवतालचं पितळ चेपून आवळलं, पुन्हा घासून बसवलं, नवी पिन मारली. आजोबांनी कानाशी धरून हलवून पाहिली. गप्प होती. संध्याकाळी फोन आला, "बाई, पुन्हा वाजून राह्यली."

माझी पट्टी परत आल्याचं मला आठवत नव्हतं. ह्यांच्या गाडीवर बसून तिगावला गेले. मांडवात कट्यार घेतली, हलवली, पाटावर आपटली. काही नाही. लोहाराच्या घरचं माणूस पातं कोणाच्या हातात देत नाही, खाली ठेवतं आणि समोरच्यानं उचलायचं. हातात दिलं की दोघांत भांडण होतं म्हणतात. तशी मी ती खाटेवर ठेवली आणि नवरदेवाला उचलायला सांगितली. वाजली. त्याच्या मनगटावर नवं घड्याळ होतं, साखळीचा पट्टा सैल, आणि हात असा थरथरत होता की तो पट्टा मुठीवर आपटत होता. "आजोबा," मी म्हटलं, "कट्यार पक्की हाय. पोरगा ढिला हाय." सगळा मांडव हसला, नवरदेवही हसला, आणि हसल्यावर हात थांबला. जेवून जा म्हणाले. आम्ही जेवूनच आलो.

आता शेषरावबद्दल सांगते. खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसले.

शेषराव तिगावच्या बाजूच्या एका नर्सरीत संत्र्याच्या कलमा बांधायचा. आमच्या भागात संत्रं बी पेरून करत नाहीत. जंबेरी लिंबाच्या रोपाच्या सालीला चीर द्यायची, साल उचलायची आणि चांगल्या संत्र्याच्या फांदीवरून काढलेला डोळा आत सरकवून बांधून टाकायचा. डोळा म्हणजे नखाएवढ्या सालीसकट काढलेली बारीकशी कळी. ती धरली की झाड. शेषरावनं बांधलेला डोळा सहसा वाया जात नाही, असं त्याचा मालकच सांगायचा. तरुणपणापासून त्याचं हेच काम.

काही वर्षांपूर्वी थंडी सुरू होताना तो दुकानात आला. दारातच उभा राहून म्हणाला, "मिस्त्री, कलमेच्या चाकूले आडपट्टी बसते का?"

हे हसले. "आज कलमेच्या चाकूले पट्टी. उद्या सुईले मूठ लावा म्हनशीन."

हसण्यासारखं होतंही. कलमेचा चाकू लहान, पातळ, बोटांत पेनासारखा धरायचा. डोळा कापताना अंगठा पात्याच्या पुढे असतो आणि धार त्याच्याकडे येते. त्या अंगठ्याला सगळे सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवतात. मधे आडपट्टी आली तर अंगठा जागेवर पोचायचाच नाही. म्हणून त्या चाकूला कोणी कधी पट्टी लावलेली नाही.

शेषराव हसला नाही. त्यानं उजवा हात पुढे केला. अंगठा ठीक होता. पहिल्या बोटावर मात्र चिराच चिरा, काही जुन्या, काही ओल्या. "बोट सरकते, धारेवर जाते, अन् मले समजतच नाही," तो म्हणाला. त्याला कुष्ठरोग झाला होता. सरकारी गोळ्या पुऱ्या घेतल्या, रोग गेला, डॉक्टरनं कामाला जा म्हणून सांगितलं. पण त्या हाताच्या बोटांतली जाणीव गेली ती आली नाही. हे सगळं त्यानं एका दमात सांगून टाकलं. आधी सांगून टाकलेलं बरं, असं त्याला पूर्वी कुठंतरी कळलं असावं.

मालकाला आजाराचं काही नव्हतं. त्याचं वाकडं होतं ते रक्ताशी. नर्सरीवाल्यांत एक समज आहे, कलमेला रक्त लागलं तर डोळा धरत नाही, आणि धरलाच तर फळ कडू निघतं. खरं-खोटं मला माहीत नाही, पण रोप घ्यायला येणाऱ्या शेतकऱ्यानं लाल डाग पाहिला तर तो पूर्ण वाफा सोडून जातो. मालकानं शेषरावला सांगितलं होतं, या हंगामात एका जरी रोपावर रक्त दिसलं तर चाकू ठेवायचा आणि वाफ्यांना पाणी घालायचं.

"पानी घालाले कोनीबी भेटते बाई," शेषराव मला म्हणाला. "मी पानी घालाले लागलो त मंग मी कोन?"

हे भट्टीकडे वळले आणि न विचारता पातं घडायला घेतलं. त्यांची माफी मागायची तऱ्हा तीच आहे.

दुसऱ्या दिवशी पातं तयार झालं. मुठीचं माप घ्यायचं होतं म्हणून मी ते ऐरणीवर ठेवलं आणि म्हटलं, "उचला भाऊ." शेषराव जागचा हलला नाही. पात्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हातात देत नाही का जी?"

त्याला काय वाटलं ते मला एकदम कळलं. "आमच्यात पातं कोनाच्याच हातात देत नाही भाऊ. भांडन होते म्हनतात."

"असं काही ना काही कारन असतेच बाई," तो शांतपणे म्हणाला. रागावून नाही. तेच जास्त लागलं. त्याचा आजार आणि त्याच्याही आधीचं, त्याच्या बापा-आजानं लोकांच्या दारात पाहिलेलं शिवाशिवीचं जे काही असेल ते, सगळं त्या ऐरणीवर येऊन बसलं होतं. खरं कारण सांगूनही ते खोट्यासारखं वाटत होतं.

ह्यांना अर्धंच ऐकू आलं. ते भात्यापासून ओरडले, "मले बी कधी हातात नाही देल्लं हिनं. एवढी वर्षं झाली, भाकरबी समोर आदयते." शेषरावच्या तोंडावर हसू आलं नाही, पण त्यानं पातं उचललं. मला वाटतं, ह्यांचा वैताग खरा होता म्हणून उचललं.

मी पट्टी अर्धीच केली. अंगठ्याच्या अंगानं पात्याशी सपाट, म्हणजे अंगठ्याला वाट मोकळी, आणि फक्त पहिल्या बोटाच्या अंगानं धारेकडे उतरलेली. पातं इतकं पातळ की डाग देण्याची सोय नव्हती, पाणी उतरलंच असतं. मग बिनडागाचीच बसवायची तर फट अजिबात चालणार नाही, कारण सालीचा चीक आत शिरला की महिन्यात गंज. दोन पट्ट्या वाया गेल्या. तिसरी बसली. उजेड दिसेना.

शेषराव आला. मूठ धरली, हवेत डोळा कापून दाखवला. बोट पट्टीला अडलं, धारेवर गेलं नाही. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारते तसं विचारलं, "बोचते का जी कुठं?"

"नाही बोचत."

थोडी कड घासली, पुन्हा विचारलं. नाही बोचत. मूठ जरा तिरपी धरायला लावली. नाही बोचत. दुपारभर त्याला बसवून ठेवलं, लिंबाच्या काड्या कापायला दिल्या, आणि दर थोड्या वेळानं विचारत राहिले. तोही अगत्यानं सांगत राहिला. मी खूश. शेवटी चाकू फडक्यावर ठेवून तो पाणी प्यायला उठला तेव्हा मला पेल्याभोवतीचं त्याचं बोट दिसलं. पट्टीची खालची कड जिथं टेकत होती तिथं लालभडक वळ, मधोमध कातडी सुटायला आलेली.

ज्याला काही जाणवत नाही त्या माणसाला मी दुपारभर विचारत होते, बोचतं का म्हणून. आणि तो खरंच सांगत होता. आम्ही दोघंही एकमेकांकडे पाहून मग इतके हसलो की हे भट्टी सोडून बघायला आले.

हसून झाल्यावर काम तसंच होतं. धारेपासून वाचवलेलं बोट माझ्या पितळेनं सोललं असतं आणि रक्त आलंच असतं. कुठं बोचतं हे त्याचा हात सांगणार नव्हता. मग मी काजळाची डबी काढली. लोखंडाला लावते तसं पट्टीला सगळीकडून काजळ लावलं, त्याला काड्या कापायला लावल्या, चाकू खाली ठेवायला सांगितला आणि त्याचा हात माझ्या हातात घेतला. एकेक बोट उलटून पाहिलं. दाट काळं जिथं, तिथं पट्टी रुतत होती. तेवढंच घासलं. त्याचं बोट पुसलं, पुन्हा काजळ, पुन्हा काड्या, पुन्हा हात. शेषराव पहिल्यांदा हात मागे ओढत होता. नंतर काड्या झाल्या की आपणच पुढे करायला लागला. दिवस मावळता मावळता काळं सगळ्या बोटावर एकसारखं, फिकं पसरलं. कुठंच दाट नव्हतं.

"झालं का जी?" त्यानं विचारलं.

"मले काय माहीत?" मी म्हटलं. "तुमच्या बोटाले इचारलं. ते हो म्हनते."

हंगामभर मला चैन नव्हती. तिगावकडचं कोणी आलं की मी आडून-आडून नर्सरीचं विचारायची, आणि हे म्हणायचे, सरळ जाऊन पाहून ये. कलमांना बांधलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या सोडायचे दिवस आले तेव्हा गेलेच. मालक स्वतः वाफ्यांतून फिरत होता. शेषराव एकेक पट्टी सोडून दाखवत होता आणि मी बांधावर देवाचं नाव घेत उभी. डोळे हिरवे होते. थोडे सुकलेले, तेवढे सगळ्यांचेच सुकतात. रक्त कुठंच नव्हतं. मालक कमी बोलणारा माणूस. शाबासकी वगैरे काही नाही. त्यानं पुढच्या वाफ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "हे बी तूच बांध." शेषराव लगेच खाली बसला आणि बांधायला लागला. मला जा-ये काही म्हणाला नाही. मला राग आला नाही, उलट बरं वाटलं.

पुढं इतर कलमा बांधणारेही तसली पट्टी मागायला आले. प्रत्येकाला मी बसवून घेतलं, काजळ लावून हात पाहिला. ज्यांना सगळं जाणवतं त्यांनाही पुष्कळदा कुठं बोचतं ते माहीत नसतं, हे मला तेव्हा कळलं. आता माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तरी बारीक खाच दिसत नाही. कलमेच्या चाकूचं काम बंद केलं. खंत आहे, पण बाजारात तयार चाकू मिळतात आणि लोकांची बोटं शाबूत आहेत, तेव्हा फार बोलत नाही.

मागच्या हिवाळ्यात सौंसरच्या बस स्टँडवर शेषरावची बायको शांताबाई भेटली. छिंदवाड्याच्या बसची वाट पाहत होती. मी विचारलं, हात कसा आहे भाऊचा. ती म्हणाली, चांगला आहे, बांधून राहिले कलमा. मग आपणहून सांगायला लागली. डॉक्टरनं पहिल्यापासून सांगून ठेवलंय, याला जखम कळणार नाही, घरच्यांनी रोज हात पाहायचा. म्हणून तो कामावरून आला की चहाच्या आधी ती त्याचा हात लाइटखाली घेते आणि एकेक बोट पाहते. आधी रोज काहीतरी सापडायचं. कापूस, हळद, फडकं सगळं जवळच घेऊन बसायची.

"आता?" मी विचारलं.

"आता काही भेटत नाही. तरी पाह्यतो. पाहून झालं तरी मी हात धरूनच बसतो घडीभर." बस लागली होती, तिनं पिशवी उचलली. "त्याइले समजत नाही बाई, म्या हात धरला हाय ते. मले त समजते."